वावटळीचा शेवटचा अंक

गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी सिस्टरना बजावलं होतं की चालायचं, पण बेताने, आणि चालून झालं की पाय वर घेऊन बसायचं. पहिलं सिस्टरनी लगेच मान्य केलं. दुसऱ्यावर त्यांनी नुसती मान डोलावली.

उभी हयात इस्पितळात परिचारिका म्हणून गेलेली. खरं नाव मागे पडलं आणि 'सिस्टर' तेवढं चिकटून राहिलं. भाजीवाला, पोस्टमन, खालच्या मजल्यावरचे भांडखोर आजोबा, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. लेकसुद्धा वैतागली की म्हणायची, "सिस्टर, आता बूड टेकता का जरा?"

पण बूड टेकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. जेवण ओट्याशी उभ्याने. फोन आला की बोलत बोलत साऱ्या घराला फेरी. टीव्ही बघायचा तोही इस्त्री करता करता. आता मात्र खिडकीशी एक खुर्ची मांडलेली, समोर पाय ठेवायला स्टूल, आणि हाताशी टेकून चालायची ती चार पायांची घोडी. लेक पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरीला. ती सकाळी बाहेर पडली की सिस्टर उठायच्या आणि धड असलेलं कपाट उपसून पुन्हा लावायच्या. संध्याकाळी लेकीला चहापूड सापडायची नाही, आणि मग दोघींची जुंपायची.

अशाच एका संध्याकाळी लेक आली ती चपला न काढताच दारात उभी राहिली.

"आई, ग्रंथालयात जुन्या कॉमिक्सचं प्रदर्शन लागलंय."

"बरं. दूध आणलंस का?"

"आई, तिथे तू आहेस."

"मी कशाला असेन? मी इथे आहे."

"भिंतीवर आहेस. एवढी मोठी. पाठीला चादर बांधून उडतेयस."

सिस्टरनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "ती चादर नाही, झूल आहे. चादर मी बांधली होती. झूल भाऊजींनी केली."

लेक मटकन स्टुलावर बसली. आपल्या काकाचं नाव या घरात निघाल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि आपल्या आईला पाठीवर झूल होती हे तर तिच्या स्वप्नातही नव्हतं.

झालं होतं ते असं. लग्न होऊन सिस्टर या घरात आल्या तेव्हा घरात माणसं तीन. त्या, त्यांचे यजमान आणि धाकटे दीर. यजमान वीज कंपनीत हिशेबनीस. माणूस सरळ, अबोल, शर्टाचं वरचं बटणही लावणारा. दीर मात्र दुसऱ्या टोकाचा. एका छापखान्यासाठी तो मुलांची कॉमिक्स काढायचा आणि त्याच्या बोटांवरची शाई कधी जात नसे. त्या काळी अशा पुस्तकांना भारी मागणी होती. बस थांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या दप्तरात गणिताच्या वहीखाली, जिथे बघाल तिथे कुणीतरी मुखवटा घातलेला उडत असायचा. छापखान्याच्या मालकाला नवा नायक हवा होता. भाऊजींनी बरेच काढून दाखवले, पण मालकाला एकही पटेना.

एकदा सिस्टर रात्रपाळी करून आल्या, आणि आल्या तशा कामाला जुंपल्या. एका हाताने कुकर, दुसऱ्या हाताने केर, दाताखाली कपड्यांचे चिमटे. भाऊजी दाराशी उभे राहून बघत होते.

"वहिनी, तुमच्या पायाला भिंगरी आहे," ते म्हणाले. "तुम्ही थांबलात तर काय होईल?"

"स्वयंपाक व्हायचा नाही."

भाऊजी खो खो हसले आणि आत पळाले. वावटळ नावाची नायिका जन्माला आली ती त्या दिवशी. गोष्ट साधी होती. ती जोवर हलते तोवर तिच्या अंगात वाऱ्याचं बळ. पहाड उचलेल, पूर अडवेल. पण थांबली की संपलं, मग ती चारचौघींसारखी. म्हणून तिचा प्रत्येक वैरी तिला फक्त थांबवायला बघायचा. कुणी वाटेत आरसे उभे करी, कुणी गोड बोलून चहाला बोलावी. सगळ्यांत खवट होता थिजासुर. तो नुसता फुंकर मारायचा आणि नदी जागच्या जागी गोठायची.

चित्रासाठी उभं राहायचं काम वहिनींचं. स्वयंपाकघरात स्टुलावर चढायचं, इस्पितळातली जुनी चादर गळ्याशी बांधायची आणि भाऊजी सांगतील तसे हात फेकायचे.

"हात अजून वर, वहिनी. आणि चेहऱ्यावर राग हवा."

"भाऊजी, भाजी खाली लागतेय."

"हाच राग. हलू नका."

सिस्टरनी स्वतः एकही अंक नीट वाचला नव्हता. वेळ कुणाला होता? मुखपृष्ठ तेवढं पाहायच्या आणि हसायच्या. छपाई स्वस्तातली, रंग रेघेत बसायचे नाहीत. एका अंकात लाल रंग घसरला आणि वावटळीचे ओठ हनुवटीवर आले. "तोंड आलंय तिला," सिस्टर म्हणाल्या, "हळद लावा."

पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ती त्यांनी त्या संध्याकाळी लेकीला सांगितली. मुलांच्या वॉर्डात एक पोर होती, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. तिच्या उशाखाली वावटळीचे अंक. ती दिवसभर सिस्टरकडे टक लावून बघायची. एक दिवस औषध देताना तिने मनगटच धरलं.

"तुम्ही वावटळ आहात ना?"

"मी सिस्टर आहे. गोळी गीळ."

"मग तुम्ही कधीच का बसत नाही?"

सिस्टरनी औषधाचा ट्रे खाली ठेवला. त्यांनी दाराकडे नजर टाकली. मेट्रन दिसत नव्हत्या. मग दोन्ही हात पसरून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या धावल्या, वळल्या आणि धावत परत आल्या. खाटांवरची सगळी पोरं ओरडली. मेट्रन कुठून उगवल्या कोण जाणे. त्यांनी सिस्टरना खोलीत बोलावून असं झाडलं की सिस्टरनी कानाला खडा लावला.

"आणि मग ते बंद का झालं?" लेकीने विचारलं.

"झालं बंद," सिस्टर म्हणाल्या आणि उठून दूध तापवायला गेल्या. दूध आधीच तापवून ठेवलेलं होतं.

मग ते कसं बंद झालं, त्यातलं सिस्टरना ठाऊक होतं ते एवढंच. यजमानांच्या कार्यालयात कुणीतरी अंकावरचा सिस्टरचा चेहरा ओळखला. त्यांच्या टेबलावर मुखपृष्ठ चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'साहेब, ही घरी उतरते कधी?' साऱ्या मजल्यावर खसखस पिकली. यजमान घरी आले ते तोंडाला कुलूप घालूनच. पुढे काही दिवसांनी सिस्टर पाळीवरून परतल्या तर भाऊजींच्या खोलीत टेबल नव्हतं, शाईच्या बाटल्या नव्हत्या, भिंतीवर टाचण्यांची भोकं तेवढी राहिलेली. "छापखान्याजवळ जागा मिळाली त्याला," यजमान म्हणाले. सिस्टरनी ओट्यावरची भाजी झाकून ठेवली आणि कपडे बदलायला गेल्या. विचारायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण सकाळी पुन्हा पाळी होती. मग लेक झाली, मग बढती, मग गावाकडे सासऱ्यांचं आजारपण. यजमान गेले तेव्हा भाऊजी येऊन सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि न बोलताच निघून गेले.

लेकीने प्रदर्शनाचं सांगितलं त्या रात्री सिस्टरना चैन पडली नाही. सकाळी लेक म्हणाली, सुट्टीच्या दिवशी रिक्षाने नेते. सिस्टर बरं म्हणाल्या. लेकीची बस वळणावरून दिसेनाशी झाली, आणि त्या घोडी घेऊन निघाल्या.

ग्रंथालयाच्या वरच्या दालनात बऱ्यापैकी गर्दी होती, आणि मुलं जवळजवळ नव्हतीच. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, चष्मे कपाळावर चढवलेले बाप्ये भिंतींशी नाक लावून उभे होते. "हा होता माझ्याकडे. आईने रद्दीत घातला," असं एक जण म्हणाला, आणि दुसरा म्हणाला, "माझ्या मोठ्या भावाने पतंगाला लावला." आरशातून ये-जा करणारा जादूगार होता, पोलादी पंखांचा घोडा होता, समुद्राच्या तळाशी राज्य करणारी म्हातारी होती. कागद पिवळे पडलेले, कडा कुरतडल्यासारख्या. आणि समोरच्या भिंतीवर ती. मोठी करून लावलेली. हात वर, चेहऱ्यावर भाजी करपल्याचा राग.

सिस्टर पुढे सरकल्या. जवळून रंगाचे नुसते ठिपके दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. मागे सरकल्या तर पुन्हा चेहरा. असं त्यांनी दोन-तीनदा केलं.

ग्रंथपालबाई हे सगळं लांबून बघत होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी. त्या जवळ आल्या, भिंतीकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही बसता का जरा?"

"नको. शेवटचा अंक कुठे आहे?"

तो काचेच्या पेटीत होता, नुसतं मुखपृष्ठ दिसेल असा. बाईंनी किल्ली आणली. पेटी उघडताना म्हणाल्या, "खरं सांगू, मला हा अंक आवडत नाही. लहानपणी मी तो वाचून फाडला होता. हा दुसऱ्या कुणीतरी दिलेला आहे."

सिस्टरनी तो उभ्यानेच वाचला. थिजासुराने साऱ्या जगावर फुंकर घातलेली, पाखरं हवेत अडकलेली. वावटळ त्याच्याभोवती गरगरते, इतकी गरगरते की तो स्वतःच्या फुंकरीत गोठतो. इथवर सगळं नेहमीसारखं. पुढच्या दोन पानांवर मात्र एकही शब्द नव्हता. वावटळ रस्त्याने चालत येते. एक घर. दार. आत एक खुर्ची. ती खुर्चीकडे बघते. आणि बसते. झूल जमिनीवर ओघळते. डावीकडून एक हात येतो, त्यात पाण्याचा ग्लास. कोपऱ्यात लिहिलेलं, 'समाप्त'.

"एवढंच?" सिस्टर म्हणाल्या.

"एवढंच. ना वैरी, ना हार. नुसती बसली," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजून लहान मुलीचा राग होता.

सिस्टरना मात्र वेगळंच काहीतरी टोचत होतं. हे भाऊजींचं नव्हे. भाऊजींनी तिला कड्यावरून पाडली असती, ढगात विरघळवली असती. अशी घरात आणून खुर्चीवर बसवली नसती. तिला बसवली कुणी? त्या जिना उतरल्या, रस्त्यावर आल्या, आणि घराच्या बसऐवजी शहराच्या दुसऱ्या टोकाची बस पकडली. गुडघा ठणकत होता. त्या दांडा धरून उभ्या राहिल्या. एका मुलीने जागा दिली तीही त्यांनी घेतली नाही.

भाऊजी किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एका खोलीत राहत होते. पत्ता यजमानांच्या डायरीत होता, आणि तो सिस्टरना कधीचा पाठ होता. जिना उभा आणि अरुंद. त्यांनी दार वाजवलं तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"वहिनी?" दार उघडणारा म्हातारा म्हणाला. "हा जिना चढून आलात?"

"उडत आले. आत घेता की नाही?"

खोलीत एक खाट, एक शेगडी, खिडकीत वाळत घातलेला शर्ट. भिंतीवर एकही चित्र नव्हतं. कॉमिक्स बंद पडल्यावर भाऊजींनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग गाड्यांचे नंबर, मग हात थरथरायला लागला. आत्ताही तो थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातात धरून ठेवला होता.

"बसा, वहिनी."

"बसायला नाही आले. शेवटचा अंक वाचला आज. तिला बसवलं कुणी?"

भाऊजींनी खिडकीतला शर्ट काढून खाटेवर टाकला.

"दादाने," ते म्हणाले.

सिस्टरनी घोडी भिंतीला टेकवली.

"तो छापखान्यात आला होता. टेबलावरचं ते मुखपृष्ठ, ते तुम्हाला माहीत आहे. रागाने लाल झालेला. म्हणाला, मार हिला, आजच्या आज. मी म्हटलं, दादा, आधी वाच तरी. त्याने एकही अंक वाचला नव्हता. मी सगळा गठ्ठा त्याच्यासमोर टाकला. मला वाटलं, उठून जाईल. तो वाचत बसला. मशीन धडधडतंय, पोरं ये-जा करतायत, आणि हा आपला पान उलटतोय. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, हिला कुणी बसू का देत नाही?"

"असं म्हणाले?"

"अगदी असंच. मी म्हटलं, बसली तर गोष्टच संपेल. तो म्हणाला, संपू दे. मारू नको, पण घरी आण. बसव. आणि कुणीतरी पाणी द्या तिला." भाऊजी थांबले. "तो हात दादाचा आहे. त्याला ग्लास धरायला लावून मी तिथल्या तिथे काढला."

"आणि तुम्ही घर का सोडलंत? त्यांनी सांगितलं?"

"नाही. तो जा म्हणाला नाही. पण ती बसल्यावर त्या घरात मी कुणाचं चित्र काढणार होतो?"

"मी दमलेय असं मी कधी म्हटलं होतं का, भाऊजी? तुम्हाला? त्यांना?"

"नाही."

"तुम्ही मला उडवलंत, त्यांनी मला बसवलं. मला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं," भाऊजी म्हणाले. "पण वहिनी, तुम्ही एका जागी सापडत कुठे होतात?"

यावर त्या चहा न घेताच निघाल्या. जिना उतरताना भाऊजी मागून म्हणत होते, "सावकाश, कठडा हलतोय."

पुढचे काही दिवस घरात नुसती घुसमट होती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि सिस्टरना भांडायचं होतं. त्या भांडी आपटायच्या, खिडक्या उघडायच्या आणि पुन्हा लावायच्या. लेकीने विचारलं तर म्हणायच्या, काही नाही. मग एकदा ओट्याशी उभ्या असताना त्यांना एकदम आठवलं. त्या पाळीवरून आल्या की दार यजमानच उघडायचे, आणि त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास असायचा. सिस्टर दारातच घटाघटा पाणी प्यायच्या, ग्लास त्यांच्या हातात परत ठेवायच्या आणि थेट स्वयंपाकघरात. रिकामा ग्लास घेऊन ते तिथेच उभे राहायचे. सिस्टरना इतकी वर्षं वाटत आलं होतं की यांना भूक लागलीय, घाई करा असं सुचवतायत.

त्यांनी लेकीला हे सांगितलं तेव्हा लेकीचे डोळे भरून आले. सिस्टरचे नाही आले.

"रडण्यासारखं काय आहे? तोंडाने बोलले असते तर जीभ झिजली असती का? अख्खं पुस्तक छापून घेतलं, पण बायकोला म्हणाले नाहीत की बस."

"म्हणाले असते तर बसली असतीस?"

सिस्टरनी विचार केला. "नसते," त्या म्हणाल्या, आणि त्यामुळेच त्यांना जास्त राग आला. त्या तेव्हा दमल्या होत्या का? खाटेवरचा पेशंट दमलाय हे त्या दारातून ओळखत. स्वतःचं त्यांना काही केल्या आठवेना. आणि ज्या माणसाला कार्यालयात चारचौघांत त्यांची लाज वाटली, त्यालाच त्याच आठवड्यात त्यांची कीव आली होती. यातलं कुठलं खरं धरायचं? दोन्ही खरं असेल, हे कळत होतं, पण जिवाला ते पटत नव्हतं.

ग्रंथपालबाईंचा फोन आला तो याच दिवसांत. प्रदर्शनाच्या शेवटी जुन्या वाचकांना बोलावलं होतं, चित्रकार यायला तयार नव्हते. "ते म्हणतात, वहिनी आल्या तर येईन."

सिस्टर लेकीला घेऊन गेल्या. भाऊजी आले, स्वच्छ शर्ट घालून, थरथरता हात खिशात. दालन भरलं होतं. लोकांनी शाई कुठली, कागद कुठला, थिजासुर पुन्हा का आला नाही, असलं पुष्कळ विचारलं. भाऊजी आधी अडखळत बोलले, मग रंगात आले. लोक हसत होते. शेवटी ग्रंथपालबाईच उभ्या राहिल्या.

"मला एकच विचारायचंय. ती नंतर उठली का?"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. भिंतीवर एक, खाली एक, हे एव्हाना लोकांच्या लक्षात आलं होतं.

"उठली की," सिस्टर म्हणाल्या. "सकाळची पाळी होती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालबाई हसल्या आणि त्यांनी चष्मा पुसला. पण सिस्टर हसल्या नाहीत, कारण हे आपण विनोदाने म्हटलं की तक्रार म्हणून, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. शेजारी बसलेले भाऊजी हळूच म्हणाले, "हे मला तेव्हा सुचायला हवं होतं."

"तुम्हाला सुचलं असतं, तर त्यांनी पुन्हा गठ्ठा वाचून तिला पुन्हा बसवलं असतं," त्या म्हणाल्या.

लेकीला कार्यालयात जायचं होतं, म्हणून ती आधीच निघाली होती. दोघं बस थांब्यावर येऊन उभी राहिली. भाऊजी बाकावर टेकले. सिस्टर फुटपाथच्या कडेला येऊन रस्ता बघत होत्या. बस येईना. त्यांनी घोडी एकदा या हातात घेतली, एकदा त्या हातात.

"येईल हो," भाऊजी म्हणाले. "घरी येऊ का तुमच्याकडे? पोरीशी नीट बोलणंही झालं नाही कधी."

"या. पण चहापूड कुठे आहे विचारू नका. मलाच सापडत नाही."

आणखी थोडा वेळ गेला. रस्ता रिकामाच. सिस्टरनी घोडी उचलून पुढे टेकवली.

"वहिनी, कुठे निघालात?"

"पुढच्या थांब्यापर्यंत. इथे उभं राहून काय अंडी घालायचीत?"

भाऊजी कुरकुरत उठले. त्या पुढे, ते मागे, अशी दोघं फुटपाथवरून चालू लागली. सिस्टर मधूनच मागे वळून "उचला पाय," म्हणायच्या आणि भाऊजी "आलो, आलो," म्हणायचे. पुढचा थांबा दिसू लागला तोच बस त्यांच्या शेजारून भरधाव निघून गेली.